खबर, इनाम आणि फितुरी : उमाजी नाईकांच्या अटकेचा (१८३१) पुनर्विचार – भोर-वेल्हे परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

भोर शहरालगत उत्रौली नावाचे गाव आहे. जुन्या कागदांत ते उत्रवळी म्हणून येते आणि अलीकडच्या काही लेखनात उत्रोळी असेही लिहिलेले आढळते. १५ डिसेंबर १८३१ रोजी या गावी उमाजी नाईक पकडले गेले. त्यांना पुण्यास नेण्यात आले, खटला चालला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आली. पाठ्यपुस्तकांपासून चरित्रग्रंथांपर्यंत बहुतेक ठिकाणी या घटनेचे कारण एकाच वाक्यात सांगितले जाते : उमाजी फितुरीमुळे सापडले. वाक्य खोटे नाही. त्यांचेच जुने साथीदार कंपनी सरकारला मिळाले होते, याविषयी समकालीन साधन उपलब्ध आहे. तथापि हे वाक्य उच्चारल्यानंतर अभ्यासकाची चौकशी थांबते, ही खरी अडचण आहे.

प्रस्तुत लेखात ही चौकशी थोडी पुढे नेण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या समाजात माग काढणे आणि खबर देणे हे वतनाचे काम होते, त्या समाजातील माणसाने सरकारला खबर दिली, यास फितुरी केव्हा म्हणावयाचे? कंपनी सरकारने ‘खबर’ या जुन्या गावकी कर्तव्याचे रूपांतर रोख किमतीच्या वस्तूत केले. त्या व्यवहारात दोघा-तिघांच्या नावावर कलंक राहिला आणि व्यवहार उभा करणारी यंत्रणा मात्र लोकस्मृतीतून निसटली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. उमाजींच्या कार्याचे महत्त्व कमी करण्याचा किंवा त्यांना पकडून देणाऱ्यांचे समर्थन करण्याचा यात हेतू नाही.

साधनांविषयी आरंभीच एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. उमाजींविषयीचे सर्वांत सविस्तर समकालीन लेखन त्यांना पकडण्याच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याचे आहे. रामोशी जमातीची उत्पत्ती व सद्यःस्थिती सांगणारा, उमाजींचे चरित्र अंतर्भूत असलेला त्याचा इंग्रजी ग्रंथ १८३३ साली मुंबईत छापला गेला. पुढे १८८५ च्या सुमारास निघालेल्या पुणे जिल्हा गॅझेटिअरने आणि त्यानंतरच्या बहुतेक लेखकांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे याच ग्रंथाचा आधार घेतला. म्हणजे ज्याने सावज पकडले त्यानेच शिकारीची हकिगत लिहिली. ती टाकून देता येत नाही. पण ती कोणाच्या सोयीची आहे याचे भान सतत ठेवावे लागते.

‘फितूर’ या शब्दाचा व्याप

आज ‘फितूर’ म्हटले की शत्रूला मिळालेला आपला माणूस डोळ्यांसमोर येतो. मराठेशाहीच्या कागदांत या शब्दाचा वापर अधिक व्यापक आहे. धन्याविरुद्ध उठणे, इतरांना उठविणे, गुप्त कारस्थान करणे, लष्करात वा किल्ल्यावर फाटाफूट घडवून आणणे, या सर्वांस ‘फितवा’ किंवा ‘फितूर’ म्हटलेले आढळते. किल्ला ‘फितूर करून’ घेणे हा तर युद्धशास्त्रातील मान्य प्रकार होता आणि तो करणाऱ्याची वाखाणणीही होत असे. फितूर कोण हे ठरविण्यापूर्वी धनी कोण हे ठरवावे लागते, आणि नेमका हाच प्रश्न १८१८ नंतरच्या पुणे प्रांतात अनिर्णित होता.

कंपनीच्या दृष्टीने फितवा करणारे उमाजीच होते. फेब्रुवारी १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढून इंग्रजांचे राज्य मोडण्याचे आवाहन केले, खजिने लुटण्यास सांगितले आणि कंपनीस महसूल देऊ नये असे बजावले. ते स्वतःस राजे म्हणवीत. केवळ लुटारू ठरविता येईल असे हे वर्तन नाही. स्वतंत्र सत्तेचा तो दावा होता. त्यांच्या बाजूने पाहिले तर काळोजी व नाना हे फितूर, आणि सरकारच्या बाजूने पाहिले तर तेच राजनिष्ठ. शब्द एकच आहे. तो वापरणाऱ्याची जागा बदलली की त्याचे टोक उलटते.

भोर-वेल्हे : तीन सत्तांचा प्रदेश

उमाजींचे जन्मगाव पुरंदर तालुक्यातील भिवडी. तेथून पश्चिमेस निघाले की भोरचा आणि पुढे वेल्ह्याचा डोंगराळ मुलूख लागतो. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले, नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची खोरी, आणि सह्याद्रीच्या धारेवरून कोकणात उतरणाऱ्या वरंधा, मढेघाट यांसारख्या वाटा. लपणाऱ्यास अनुकूल आणि शोधणाऱ्यास प्रतिकूल असा हा प्रदेश. भूगोलाचा हा मुद्दा सर्वच चरित्रकारांनी मांडला आहे.

त्यामानाने राजकीय भूगोलाकडे कमी लक्ष गेले. १८१८ नंतर पुरंदर, सासवडचा भाग कंपनीच्या पुणे कलेक्टरच्या अमलाखाली आला. नीरेपलीकडे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते, तेही कंपनीच्या देखरेखीखाली. आणि या दोहोंच्या पश्चिमेस, राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिवांपासून चालत आलेली पंतसचिवांची जहागीर पसरली होती. पुढे भोर संस्थान म्हणून स्थिर झालेल्या या जहागिरीत आजचा भोर व वेल्हे हा बहुतेक मुलूख येत असे. संस्थानच्या तालुक्यांची विचित्रगड, प्रचंडगड आणि राजगड ही नावे अनुक्रमे रोहिडा, तोरणा आणि राजगड या किल्ल्यांवरूनच पडली होती. घाट उतरले की पुन्हा कंपनीचा कोकण.

म्हणजे एका रात्रीच्या चालीत माणूस तीन अमलांतून जाऊ शकत असे. कंपनीची तुकडी सचिवांच्या मुलखात शिरावयाची तर पत्रव्यवहार, परवानगी आणि स्थानिक कारभाऱ्यांचे साहाय्य लागे. तोवर पाठलागाचा उपयोग संपलेला असे. गावोगावचे पाटील आणि चौगुले दोन्हीकडून धास्तावलेले. अशा ठिकाणी फौजेपेक्षा खबर अधिक कामाची ठरते आणि खबर फौजेबरोबर येत नाही, ती आतूनच मिळवावी लागते. उमाजी अखेर सचिवांच्या मुलखात, भोरच्या अगदी पायथ्याशी सापडले, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. जो मुलूख आसरा म्हणून निवडला तेथेच हात पोहोचला, आणि तो पलटणीचा हात नव्हता.

खबर हे वतन

रामोशी हा गावगाड्यातील राखणदार. रात्रीची गस्त, खळ्याची व पिकाची राखण, परगावच्या माणसावर नजर, आणि चोरी झाली तर माग काढणे ही त्याची कामे. माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या रामोशाच्या हवाली करावयाचा. माग जेथे संपेल त्या गावावर जबाबदारी येई आणि माल मिळाला नाही तर भरपाईचा बोजाही रामोशावर पडू शकत असे. या बदल्यात त्याला बलुते, काही ठिकाणी जमीन, आणि किल्ल्यांच्या परिसरात राखणीचे हक्क मिळत. उमाजींचे वडील दादाजी नाईक पुरंदर किल्ल्याच्या चाकरीत होते.

या व्यवस्थेत खबर ठेवणे आणि खबर देणे यांत लाजिरवाणे काही नव्हते. उलट जो रामोशी माग काढू शकत नाही तो नालायक. कोण कोठे गेला, कोणाच्या घरी रात्री पाहुणा उतरला, कोणत्या खिंडीत चूल पेटली होती, हे ज्ञान त्याच्या उपजीविकेचा भाग होते. आणखी एक गोष्ट अशी की, गावच्या चोरीचा माग काढणारा रामोशी पुष्कळदा आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांचा माग काढीत असे. सोयरीक आणि कर्तव्य यांत तडजोड करण्याचे संकेत त्या समाजाजवळ होते. कोठे माल परत करून प्रकरण मिटवावयाचे, कोठे माग ‘हरवू’ द्यावयाचा, हे तो जाणत असे.

पेशवाईच्या अखेरच्या काळात आणि नंतर कंपनीच्या अमलात पुरंदर भागातील रामोशांचे हक्क संपुष्टात येत गेले. नव्या व्यवस्थेत पगारी शिपाई आले आणि जुनी राखण अनावश्यक ठरली. मात्र राखणीबरोबर जे ज्ञान होते ते अनावश्यक ठरले नाही. गावाने बलुत्याच्या बदल्यात घेतलेली खबर आता सरकार इनामाच्या बदल्यात घेऊ लागले. या बदलाचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. बलुतेदार रामोशी खबर दिल्यानंतरही गावात राहत असे, त्याची आणि ज्याच्याविषयी खबर दिली त्याची उद्या पुन्हा गाठ पडणार असे, आणि म्हणून खबरीला मर्यादा होती. इनामी खबर एकदाच विकावयाची असते. विकणाऱ्यास पुन्हा तेथे राहावयाचे नसते, किंवा राहता येत नाही.

माफी आणि नोकरी

१८२४ साली पुण्याजवळच्या भांबुर्डे येथील सरकारी खजिन्यावर रामोशांनी हल्ला केला, तेव्हा नेतृत्व सत्तू नाईकांकडे होते व उमाजी त्यांच्याबरोबर होते. सत्तूंच्या मृत्यूनंतर नेतृत्व उमाजींकडे आले आणि सरकारी जाहीरनाम्यांची मालिका सुरू झाली. या जाहीरनाम्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात : पकडून देणाऱ्यास इनाम, साथ सोडून येणाऱ्यास माफी, आणि थारा देणाऱ्यास शिक्षा. आरंभीची इनामाची रक्कम लहान होती. पुढे ती वाढत जाऊन अखेरीस दहा हजार रुपये व ४०० बिघे जमीन इतकी झाली. ज्या काळात सामान्य शिपायाचा महिना काही मोजक्या रुपयांत भागत असे, त्या काळातील ही रक्कम होय.

या तिन्हींच्या जोडीला चौथे साधन होते, आणि ते जाहीरनाम्यात येत नाही. उमाजींची पत्नी व मुले सरकारने ताब्यात घेतली. १८२८ साली उमाजी सरकारच्या स्वाधीन झाले. त्यांना माफी मिळाली, आणि एवढेच करून न थांबता सरकारने त्यांना पगारावर घेऊन आपल्याच टापूच्या बंदोबस्ताचे काम सोपविले. १८३० च्या अखेरीस ते पुन्हा सरकारविरुद्ध उभे राहिले.

चरित्रकार हा दोन वर्षांचा काळ सहसा घाईने ओलांडतात. फार तर ‘या काळात उमाजींनी शक्ती जमविली’ असे म्हणतात. तसे असेलही. परंतु १८२९ मध्ये डोंगरात राहिलेल्या एखाद्या साथीदाराच्या जागी आपण क्षणभर उभे राहून पाहावे. त्याचा नाईक सरकारी पगार घेतो आहे, बंदोबस्ताची जबाबदारी त्याच्यावर आहे, आणि हा बंदोबस्त ज्यांच्याविरुद्ध करावयाचा ते लोक म्हणजे कालचे आपणच. त्या साथीदाराने उमाजींकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल? आणि १८३१ मध्ये नाईकांनी पुन्हा बंडाची हाक दिली तेव्हा ज्यांना ती हाक गेली त्यांच्यापैकी काहींच्या मनात दोन वर्षांपूर्वीचा हिशेब शिल्लक नसेल, असे समजण्यास आधार नाही. जे पाऊल नेत्याने उचलले तर डावपेच आणि अनुयायाने उचलले तर फितुरी, असे मोजमाप इतिहासात चालत आले आहे. ते अगदीच निराधार नाही, कारण उमाजी परत फिरले आणि फासावर गेले. पण १८२८ साली हा शेवट कोणास ठाऊक होता?

कंपनीचे डावपेच मुळातच येथे नेमके बसत होते. इनाम, माफी, ओलीस आणि नोकरी या चारही गोष्टींचा मारा टोळीच्या शस्त्रांवर होत नाही, तो परस्परविश्वासावर होतो. इनाम मागावयास कोणीही आला नाही तरी इनामाचे निम्मे काम झालेले असते. कारण जाहीरनामा निघाल्याच्या दिवसापासून टोळीतील प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या डोक्यावरची किंमत जाणतो आणि आपण ती जाणतो हे दुसऱ्यालाही ठाऊक असते. रात्री कोण उठून बाहेर गेला, बाजाराला गेलेला माणूस उशिरा का परतला, अमक्याच्या भावाला ठाण्यातून इतक्या लवकर कसे सोडले, अशा साध्या गोष्टींना अर्थ चिकटू लागतात. नेत्याला ज्यांच्या भरवशावर झोपावयाचे त्यांचीच संख्या कमी करावी लागते, आणि ज्याला वगळले तो दुखावतो. संशय अशा रीतीने आपले समर्थन आपणच निर्माण करतो. महाविद्यालयात हा भाग शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात की, उमाजींना आपल्या माणसांचा संशय आला नाही का? माझ्या मते प्रश्न उलट विचारावयास हवा : अशा स्थितीत कोणावरही संशय न घेता सुमारे वर्षभर मोहीम चालविणे शक्य होते का?

उत्रौली, डिसेंबर १८३१

१८३१ मध्ये मोहिमेची सूत्रे मॅकिंटॉशकडे आली. त्याने फौजेच्या हालचालींबरोबर जुन्या साथीदारांशी संधान बांधण्यावर भर दिला. अटकेशी जोडली गेलेली दोन नावे काळोजी व नाना अशी आहेत. दोघेही रामोशी, दोघांचाही उमाजींशी जुना संबंध. रात्री बेसावध असताना उमाजींना उत्रौलीत गाठण्यात आले. उमाजींचा विश्वास असलेलीच माणसे बरोबर असल्याखेरीज अशी अटक संभवत नाही. येथवर फारसा मतभेद नाही.

मतभेद सुरू होतो तो ‘का?’ या प्रश्नापाशी. इनामाची रक्कम हे एक उत्तर आहेच. दुसरे उत्तर लोकप्रिय लेखनात सांगितले जाते : काळोजीने एका स्त्रीची बेअब्रू केली, न्यायी उमाजींनी शिक्षा म्हणून त्याचा हात कलम केला आणि त्या सूडापोटी तो इंग्रजांना मिळाला. ही कथा उमाजींच्या न्यायप्रियतेचे गुणगान करण्यासाठी सांगितली जाते आणि तिचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. इतिहास म्हणून मात्र ती जपून वापरावी. तिच्यात फितुराचे पाप अटकेच्या आधीच सिद्ध झालेले आहे. तो पैशासाठी फितूर झाला नाही, तो मुळातच दुष्ट होता, आणि दुष्टपणाची खूण त्याच्या शरीरावर होती. ज्या माणसाला सर्व लोक पूर्वी आपला मानत होते तो आपला कधीच नव्हता, असे सांगून समाधान देणाऱ्या कथा सर्वच समाजांत निर्माण होतात. या कथेने काळोजीची बाजू संपते आणि त्याचबरोबर ओलीस ठेवलेली बायकामुले, चढत गेलेले इनाम, हिरावलेले पुरंदरचे हक्क यांचाही विचार करण्याची गरज उरत नाही.

खोपडे यांचे गाव

ज्या उत्रौलीत हे घडले त्या गावाला फितुरीच्या इतिहासात आधीच एक स्थान होते, याकडे पुरेसे लक्ष वेधले गेलेले नाही. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा उत्रवळीचे खंडोजी खोपडे देशमुख त्यास जाऊन मिळाले. खानाच्या वधानंतर ते लपून राहिले. पुढे कारीच्या कान्होजी जेधे यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली. कान्होजींचा शब्द राखून महाराजांनी प्राण घेतला नाही, परंतु खंडोजींचा एक हात व एक पाय तोडण्याची शिक्षा दिली. रोहिडखोऱ्यात ही हकिगत आजही सांगितली जाते.

या प्रसंगाची दुसरी बाजू अशी. १६ जून १६५९ रोजी अली आदिलशहाने कान्होजी जेधे यांस फर्मान पाठवून खानाच्या फौजेत दाखल होण्याचा हुकूम केला होता. कान्होजी ते फर्मान घेऊन पुत्रांसह महाराजांकडे गेले आणि आपल्या वतनावर पाणी सोडून त्यांनी इमान दिले. विजापूर दरबाराच्या दप्तरी पाहिले तर हुकूम पाळणारे खोपडे एकनिष्ठ, आणि हुकूम मोडणारे जेधे फितूर. शेजारशेजारच्या दोन देशमुखांपैकी कोणाचे नाव पोवाड्यात जावे आणि कोणाचे शिवीत, हे प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी ठरले.

याच खोऱ्यात पावणेदोनशे वर्षांनी दुसरी फितुरी घडते, आणि तिच्याभोवतीच्या कथेत पुन्हा एक तोडलेला हात येतो. पहिल्या कथेत हात फितुरीनंतर तोडला जातो, दुसऱ्या कथेत फितुरीच्या आधी. जुन्या कथेचा साचा नव्या घटनेवर बसविला गेला असावा, असे माझे मत आहे. ते मत म्हणूनच येथे मांडतो. उमाजींना शिवाजी महाराजांचा वारसदार म्हणून पाहणाऱ्या स्मृतीने त्यांच्या भोवती खंडोजीही उभा करावा, यात अस्वाभाविक काही नाही.

पुढील दोन प्रकरणे

उमाजींनंतरच्या दोन घटनांचा येथे ओझरता विचार केल्यास या व्यवहाराची दिशा कळते. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी धामारीपासून आपली मोहीम सुरू केली. त्यांच्या फौजेचा कणा रामोशांचाच होता. दौलतराव नाईक हे त्यांचे प्रमुख सहकारी मे महिन्यात मारले गेले आणि फडके दक्षिणेकडे गेले. २० जुलैच्या रात्री मेजर डॅनियलने त्यांना विजापूरकडील देवर नावडगी येथे पकडले. खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरला गेलेला सर्वांत भक्कम पुरावा त्यांची स्वतःची दैनंदिनी व आत्मवृत्त हा होता. शिकलेल्या बंडखोराच्या बाबतीत त्याचा कागदच माहीतगार ठरला. त्याच आत्मवृत्तात साथीदार रामोशांच्या पैशाच्या ओढीविषयी कडवट उद्गार आहेत; एका बाजूने लिहिलेली ही तक्रार दुसऱ्या बाजूने कोणीच लिहून ठेवली नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरे प्रकरण पुणे शहरातील. २२ जून १८९७ रोजी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सरकारने वीस हजारांचे इनाम लावले. तुरुंगात असलेल्या गणेश शंकर द्रविड याच्याकडून माहिती निघाली आणि दामोदर चापेकर पकडले गेले. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना ठार केले. उत्रौलीच्या वेळी टोळी मोडली आणि फितुराचा निवाडा लोकस्मृतीवर सोपविला गेला. पुण्यात मात्र गुप्त मंडळाने तो स्वतःच केला आणि त्यासाठी आणखी दोन तरुण फासावर गेले. द्रविडांच्या बाबतीत संशयाला आधार होता. परंतु बंगाल असो, आयर्लंड असो वा आपल्या काळातील अन्य कोणतेही सशस्त्र संघटन असो, केवळ संशयावरून आपल्याच माणसास संपविल्याची उदाहरणे जगभर विखुरलेली आहेत, आणि अशा मृतांना दोन्ही बाजूंच्या इतिहासात जागा मिळत नाही.

येथे कायद्याची एक तरतूद आठवते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १३३ नुसार गुन्ह्यातील साथीदाराची साक्ष ग्राह्य होती. परंतु कलम ११४ च्या दृष्टांतात, अन्य पुराव्याने पुष्टी मिळाल्याखेरीज असा साक्षीदार विश्वासार्ह मानू नये, असे गृहीतक न्यायालयास करता येत होते. ज्या सरकारने माफीचे साक्षीदार घडविले त्याच्याच कायद्याने त्यांच्या शब्दाला पुष्टी मागितली. एखाद्याला फितूर ठरविताना आपण इतिहासलेखक मात्र एका पकडणाऱ्या अधिकाऱ्याचा ग्रंथ आणि एक लोककथा यांवर समाधान मानतो. जे नाव एकदा त्या यादीत गेले त्याच्या वंशजांना, भावकीला, कधी कधी संपूर्ण गावाला ते पुसता येत नाही, हे ग्रामीण महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आपणा प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको. वर्गात हे नाव उच्चारले जाते तेव्हा त्या आडनावाचा एखादा विद्यार्थी मागच्या बाकावर बसलेला असू शकतो.

मॅकिंटॉशचा शब्दसंग्रह

विसाव्या शतकात गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा फास रामोशांवरही आवळला गेला. हजेरी आणि ठाण्यातील नोंद यांतून सुटका होण्यास स्वातंत्र्यानंतर १९५२ साल उजाडले. रामोशी आज राज्याच्या विमुक्त जातींच्या सूचीत आहेत. सरकारला मदत केलेल्या घराण्यांना या कायद्यात जमात म्हणून काही सवलत नव्हती. जन्माने गुन्हेगार ठरविताना उमाजीचा नातेवाईक आणि काळोजीचा नातेवाईक असा भेद करण्याचे कारणच उरले नव्हते.

या साऱ्याची बीजे मॅकिंटॉशच्या ग्रंथात दिसतात. त्याने उमाजींचे चरित्र लिहिले, त्याचबरोबर रामोशांच्या चालीरीती, सण, सोयरिकी, शपथेचे प्रकार आणि दरोड्याच्या पद्धतीही तपशिलाने नोंदविल्या. परक्यासमोर आपसांत बोलण्याची त्यांची एक सांकेतिक बोली होती. तिच्यातील शब्दांची यादीही त्याने छापली. त्यांतील काही शब्दांचा संबंध दक्षिणेकडील भाषांशी लागतो. ही बोली डोंगरातील टोळीचे शेवटचे कवच होते. तळावर परका माणूस बसला असतानाही जिच्यातून सावध करता येई ती ही भाषा. उमाजींचा ठावठिकाणा एका रात्रीपुरता उपयोगी होता. या शब्दांचा उपयोग पोलिसांना पुढील कित्येक वर्षे होणार होता.

मॅकिंटॉश रामोशी नव्हता. ते शब्द त्याच्याजवळ बसून, एकेक करून, अर्थासह कोणीतरी सांगितले असले पाहिजेत. तो सांगणारा साथीदार होता, कैदी होता की पगारी जासूद, त्याने ते धाकाने सांगितले की सहज गप्पांच्या ओघात, यांपैकी काहीही ग्रंथात आलेले नाही. काळोजी आणि नाना यांची नावे आपण पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ घेत आलो आहोत. शब्द सांगणाऱ्याला फितूर म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.